वैद्याचा दाखला

सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली त्यांना वैद्याच्या दाखल्याचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. रजेचा अर्ज चार वेळा परत येतो. पण त्याला डॉक्टरांच्या सहीचे एक चिठोरे जोडले की तोच अर्ज निमूटपणे पुढे सरकतो. अर्जदार खरोखर आजारी होता की मेहुणीच्या लग्नाला गेला होता, ही शंका साहेबांच्या मनात आली तरी ती तेथेच विरते. दाखला आला म्हणजे चौकशी संपली. माणसाच्या स्वतःच्या शब्दाहून त्याच्याविषयी वैद्याने उच्चारलेला शब्द अधिक वजनदार, हे आपण इतके गृहीत धरून चाललो आहोत की, त्यात विचार करण्याजोगे काही आहे हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही.

आमच्या ध्यानी ते आले बर्लिनच्या एका जुन्या हकिगतीमुळे. १९०९ च्या सुमारास तेथील पोलीस खाते एक चमत्कारिक परवाना देऊ लागले. जन्माने पुरुष गणली गेलेली एखादी व्यक्ती स्त्रीच्या वेषात, किंवा जन्माने स्त्री गणली गेलेली पुरुषाच्या वेषात वावरू लागली, तर सार्वजनिक उपद्रवाच्या नावाखाली तिला केव्हाही पकडता येई. अशा व्यक्तीने वैद्याचे मत सादर करावे, आणि मग हा वेष या व्यक्तीचा नेहमीचाच आहे एवढे लिहिलेला एक कागद तिला मिळावा, अशी ही व्यवस्था होती. रस्त्यात शिपायाने हटकले की तो कागद दाखवावयाचा. वैद्यकीय मत देणारे गृहस्थ बहुधा एकच असत, डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड.

हा कागद म्हणजे दया की अपमान? आम्ही बरेच दिवस या प्रश्नाभोवती घोटाळत राहिलो. ज्या माणसाला कोठडीऐवजी रस्ता मिळाला त्याला विचारले असते तर त्याने दया असेच उत्तर दिले असते. पण आपले लुगडे किंवा कोट आपण का घातला, याचे उत्तर तिसऱ्याच माणसाने लिहून द्यावे लागते, ही गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही. आणि गंमत अशी की, ज्या शास्त्राच्या जोरावर हा कागद दिला गेला त्या शास्त्राचा सारा इतिहास याच एका पेचात सापडलेला दिसतो.

ते शास्त्र म्हणजे लैंगिक विज्ञान. हे नाव बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ इवान ब्लॉख यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात रूढ केले, आणि केवळ वैद्यकाने हा विषय आवरणार नाही, त्याला मानवशास्त्र, इतिहास आणि वाङ्मय यांची जोड हवी, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. आमचा वाचक येथे वात्स्यायनाची आठवण काढील, आणि ती योग्यच आहे. परंतु 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याची जी आपली जुनी खोड आहे तिला आम्ही या ठिकाणी थारा देऊ इच्छीत नाही. वात्स्यायनाने कामाचा विचार पुरुषार्थ म्हणून केला, धर्म आणि अर्थ यांच्या पंक्तीला बसवून. आयुर्वेदाने आपल्या आठ अंगांत वाजीकरणाला जागा दिली ती सामर्थ्य आणि संतती यांच्यासाठी. नागरकाने कसे जगावे हा तेथला प्रश्न होता. ब्लॉख आणि त्यांच्या सोबत्यांपुढचा प्रश्न वेगळा होता: जो माणूस आज न्यायाधीशासमोर उभा आहे त्याचे काय करावयाचे?

कारण या विज्ञानाचा जन्म ग्रंथालयात झाला नाही. तो न्यायालयाच्या दारात झाला. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ मध्ये 'सायकोपाथिया सेक्शुआलिस' हा ग्रंथ लिहिला तो डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्यासाठी. सामान्य वाचकाच्या हाती पडला तरी त्याला फारसा बोध होऊ नये म्हणून नाजूक मजकूर त्यांनी लॅटिनमध्ये घातला. आजवर जे पाप होते, आणि कायद्याने ज्याला गुन्हा ठरविले होते, त्याला त्यांनी रोग म्हटले. आज आपल्याला तो शब्द टोचतो. पण तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला रोगी म्हणणे ही त्या काळी सुटकेची पहिली पायरी होती, हे विसरून चालणार नाही. पुढे आयुष्याच्या अखेरीस, १९०१ मध्ये, याच क्राफ्ट-एबिंग यांनी समलिंगी ओढीविषयीचे आपले मत पुष्कळच सौम्य केले. ग्रंथ मात्र जुन्याच मताने जगभर फिरत राहिला. ग्रंथकाराला पश्चात्ताप होतो, ग्रंथाला होत नाही.

हिर्शफेल्ड यांची वाट याच दारातून पुढे गेली. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत अशी की, त्यांच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने विवाहाच्या आदल्या दिवशी स्वतःला गोळी घालून घेतली आणि मागे आपल्या या डॉक्टरांच्या नावाने पत्र ठेवले. ते पत्र हिर्शफेल्ड यांना जन्मभर पुरले. १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी बर्लिनमध्ये एक समिती स्थापन केली आणि पुरुषांमधील संबंधांना शिक्षा देणारे जर्मन दंडविधानातील १७५ वे कलम रद्द व्हावे म्हणून अर्ज केला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट बेबेल यांनी त्या मागणीला संसदेत वाचा फोडली. पुढे त्या अर्जावर आइन्स्टाइन आणि टोमास मान यांच्याही सह्या झाल्या. 'ज्ञानातून न्यायाकडे' हे हिर्शफेल्ड यांचे ब्रीद होते. नीस येथील त्यांच्या थडग्यावर ते लॅटिनमध्ये कोरलेले आहे.

या ब्रीदातील युक्तिवाद साधा होता. ही ओढ उपजत आहे. जे उपजत आहे ते निवडलेले नाही. जे निवडलेले नाही त्याबद्दल शिक्षा करणे अन्याय होय. म्हणून आधी उपजतपणा सिद्ध करावा, म्हणजे न्याय मागोमाग येईल. या श्रद्धेने या गृहस्थाने पंचवीस-तीस वर्षे अपार मेहनत केली. १९०३ च्या अखेरीस शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक विद्यालयाच्या सुमारे ३,००० विद्यार्थ्यांना त्याने प्रश्नपत्रिका पाठविल्या. काही विद्यार्थ्यांना तो अपमान वाटला, खटला झाला, आणि १९०४ मध्ये न्यायालयाने हिर्शफेल्ड यांना २०० मार्क दंड केला. हा २०० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्याच घरी भेटणार आहे.

त्यांचा सिद्धान्त तर फारच मनोज्ञ होता. शुद्ध पुरुष आणि शुद्ध स्त्री या केवळ कल्पना आहेत, प्रत्यक्षातील प्रत्येक माणूस या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो, असे ते म्हणत. शरीर, वृत्ती, ओढ इत्यादी सोळा लक्षणे घ्यावीत, प्रत्येकाच्या पुरुषी, स्त्रैण आणि मिश्र अशा तीन छटा धराव्यात, म्हणजे माणसांचे ४,३०,४६,७२१ प्रकार होतात, असा हिशेबच त्यांनी मांडला होता. आम्ही तो गुणाकार करून पाहिला, बरोबर आहे. ज्या मनुष्याने माणसांचे चार कोटींवर प्रकार मानले त्यालाच पोलिसांच्या एका लहानशा कागदावर एका प्रकाराचे नाव लिहून सही करावी लागत होती. त्याला यातील विसंगती दिसत नसेल असे आम्हांस वाटत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या संध्याकाळी घरी जावयाचे होते, आणि सिद्धान्त त्याला घरी पोहोचवू शकत नव्हता, एवढेच.

पण दाखला देण्याची सवय एकदा लागली की तो कुणी मागितलेला नसतानाही दिला जातो. १९०७ मध्ये बर्लिनचे लष्करी अधिपती काउंट कूनो फोन मोल्टके यांनी माक्सिमिलियान हार्डेन या पत्रकारावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. मोल्टके यांची वृत्ती समलिंगी असल्याची सूचना हार्डेन यांनी आपल्या लेखांत केली होती. हिर्शफेल्ड तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहिले. घटस्फोटित पत्नीची जबानी आणि न्यायालयात बसलेल्या मोल्टके यांचे निरीक्षण एवढ्या आधारावर, या गृहस्थाची मनोवृत्ती समलिंगी आहे, असे त्यांनी सांगून टाकले. हार्डेन सुटले. खटला पुन्हा चालला तेव्हा हिर्शफेल्ड यांना आपले मत मागे घ्यावे लागले, आणि १९०८ च्या आरंभी हार्डेन दोषी ठरले. त्या ओढीत गैर काही नाही हे भर न्यायालयात सांगता येईल, असा त्यांचा हेतू असावा. हेतू कितीही चांगला असो, ज्याने आपले गुपित आपल्याला सांगितलेच नाही त्याचे गुपित चावडीवर मांडण्याचा अधिकार कोणत्या शास्त्राने दिला? हिर्शफेल्ड स्वतः याच वृत्तीचे होते. आपल्याविषयी त्यांनी जाहीरपणे तसा उच्चार कधी केला नाही. यासाठी आम्ही त्यांना मुळीच दोष देत नाही. परंतु जी सवलत त्यांनी स्वतःला दिली ती मोल्टके यांना दिली नाही, हे नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही.

६ जुलै १९१९ रोजी टियरगार्टेन भागात त्यांची लैंगिक विज्ञान संस्था उघडली. जगातील या तऱ्हेची ही पहिली मोठी संस्था: दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय, विवाहविषयक सल्ला, गुप्तरोगांवर उपचार, जाहीर व्याख्याने, सारे एका छपराखाली. गरिबांना तेथे फुकट सल्ला मिळे. आणि तेथेच, आपल्याला आज अवघड वाटणाऱ्या आणखी एका विचाराचेही बिऱ्हाड होते. १९१३ मध्ये हिर्शफेल्ड, ब्लॉख इत्यादींनी स्थापिलेल्या वैद्यमंडळाच्या नावातच लैंगिक विज्ञानाच्या जोडीला 'सुप्रजननशास्त्र' होते. कोणी संतती वाढवावी आणि कोणी वाढवू नये हे शास्त्राने ठरवावे, असे त्या काळच्या बहुतेक पुरोगाम्यांना वाटे.

येथे त्या साध्या युक्तिवादातील चीर दिसू लागते. एखादी गोष्ट उपजत आहे, या विधानातून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणतो, उपजत आहे म्हणून तिला असू द्या. दुसरा म्हणतो, उपजत आहे म्हणून ती शरीरात शोधा आणि काढून टाका. व्हिएन्नाच्या श्टाइनाख यांनी वृषणग्रंथीच्या रोपणाने ही ओढ बदलता येईल असे सुचविले तेव्हा खुद्द हिर्शफेल्ड यांनी काही काळ त्या प्रयोगांकडे आशेने पाहिले. कारण ग्रंथी बदलल्याने ओढ बदलली असती तर ती शारीरिक असल्याचे सिद्धच झाले असते. १९४४ मध्ये बूखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टराने समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या कुप्या पेरल्या, त्याचाही आधार हेच विधान होते. दोघांच्या अंतःकरणात जमीन-अस्मानाचे अंतर होते, यात संशय नाही. परंतु ते अंतर शास्त्राने निर्माण केलेले नव्हते. 'असे आहे' या वाक्याला कितीही पिळले तरी त्यातून 'असे वागावे' हे वाक्य गळत नाही. ते आपल्याला दुसरीकडूनच आणावे लागते.

१९३० मध्ये हिर्शफेल्ड जगप्रवासाला निघाले. १९३१ मध्ये ते वात्स्यायनाच्या या देशातही येऊन गेले. युरोपात परतले तरी बर्लिनला त्यांना पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. ६ मे १९३३ रोजी सकाळी बँड वाजवीत विद्यार्थ्यांची टोळी संस्थेवर चालून आली. १० मे रोजी ऑपेराच्या चौकात हजारो ग्रंथांची होळी झाली. ती त्यांनी पॅरिसमधील एका चित्रपटगृहात बातमीपटात पाहिली. दोन वर्षांनी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, नीस येथे ते वारले. १७५ वे कलम रद्द तर झाले नाहीच. १९३५ मध्ये ते अधिक कठोर करण्यात आले. त्याआधी, १९३४ च्या ऑक्टोबरात, गेस्टापोने देशभरच्या पोलीस ठाण्यांकडून अशा पुरुषांच्या याद्या मागविल्या होत्या. मागविणारे आणि पाठविणारे हे बहुतेक साधे, वेळेवर कचेरीला जाणारे लोक असतील. यादी तयार असली म्हणजे ती कोण मागवील हे यादी करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागलेले रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते. १९२१ मध्येच त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते. ते वैद्य नव्हते, आणि आमच्या मते हेच त्यांचे बळ होते. वाचक त्यांना पत्रे पाठवीत. जी गोष्ट आई-बापांना, गुरुजींना, फॅमिली डॉक्टरलाही विचारता येत नव्हती ती विचारीत. आणि कर्वे तिचे दोन ओळींत, बहुधा फटकळ, उत्तर छापीत. अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि त्यात काही विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, असा बाबासाहेबांच्या प्रतिपादनाचा आशय होता. न्यायालयाला तो पटला नाही. दंड झाला २०० रुपये. तीस वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, प्रश्न विचारणाऱ्याला २०० आणि उत्तर देणाऱ्यालाही २००! मार्क आणि रुपया यांची किंमत सारखी नव्हती, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी योगायोग बोलका आहे.

कर्व्यांची भूमिका मात्र हिर्शफेल्ड यांच्याहून तत्त्वतः निराळी होती. एखाद्याचे सुख दुसऱ्याला अपाय करीत नसेल तर ते उपजत आहे की सवयीचे आहे याची उठाठेव समाजाने का करावी, असा त्यांचा रोख असे. दाखल्याची त्यांना गरजच नव्हती. त्यांचे सगळेच आम्ही स्वीकारतो असे नाही. सुप्रजननाचा मोह त्यांनाही सुटला नव्हता. पण न्यायाची मागणी शास्त्राच्या निकालापर्यंत तहकूब ठेवू नये, ही गोष्ट या गणितज्ञाला पुष्कळ वैद्यांच्या आधी उमगली होती. मुंबईहूनच डॉ. अ. प. पिल्ले यांनी १९३४ मध्ये विवाहस्वास्थ्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक सुरू केले, आणि महायुद्धानंतर त्याचेच लैंगिक विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक झाले. बर्लिनमधून परागंदा झालेले स्त्रीरोगतज्ज्ञ एर्न्स्ट ग्राफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामतृप्तीवरील १९५० चा प्रसिद्ध लेख याच नियतकालिकात छापला गेला. बर्लिनमध्ये जळालेल्या विषयाला काही वर्षे मुंबईत पत्ता मिळाला होता, ही गोष्ट मुंबईकरांना तरी किती ठाऊक आहे?

अमेरिकेतील पुढचा अध्याय आम्ही थोडक्यातच आटोपतो. आल्फ्रेड किन्सी हे मूळचे कीटकशास्त्रज्ञ. झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या चिमुकल्या माश्या त्यांनी लाखांनी गोळा केल्या होत्या. त्याच चिकाटीने त्यांनी माणसांच्या मुलाखती घेतल्या. १९४८ चा ग्रंथ सुमारे ५,३०० पुरुषांवर आणि १९५३ चा ५,९४० स्त्रियांवर आधारला होता. त्यांनी दाखला दिला नाही, मोजणी केली. आणि 'इतके लोक करतात, मग ते अनैसर्गिक कसे?' असे लोक विचारू लागले. या प्रश्नाने पुष्कळांच्या मनावरचे ओझे उतरले, हे खरे. तरीही संख्या हाही न्यायाचा पाया नव्हे. हुंडा घेणारे आपल्याकडे थोडे आहेत काय? शिवाय याच ग्रंथातील लहान मुलांविषयीचे काही तक्ते मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाच्या नोंदींतून आले होते. निर्विकारपणे ऐकून घेणे हा त्या संशोधनाचा गुण होता. काही वेळा निर्विकार राहणे हेच पाप असते, हे त्या तक्त्यांकडे पाहताना कळते. आणि १९६७ मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने एका अर्भकाला, शस्त्रक्रियेतील अपघातानंतर, मुलगी म्हणून वाढविण्यात आले. प्रयोग यशस्वी झाल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. तो मुलगा मोठा झाला, पुन्हा पुरुष म्हणून जगू लागला, आणि २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. दाखला होता, माणसाला कुणी विचारले नव्हते.

डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी ओढीचे नाव रोगांच्या यादीतून काढले. काही सभासदांना ते रुचले नाही, म्हणून १९७४ मध्ये मतदान झाले: ५,८५४ विरुद्ध ३,८१०. रोग आहे की नाही हे मतपेटीने ठरवितात, हे कसले शास्त्र, अशी त्यावर पुष्कळ थट्टा झाली. आम्हांस ती थट्टा अपुरी वाटते. काढताना मत लागले हे लोकांना दिसले. पण ते नाव यादीत घातले गेले तेव्हाही ते कुणाच्या तरी मतानेच घातले गेले होते, फक्त तेव्हा मोजणी झाली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव १९९० मध्ये वगळले.

आपल्याकडे १८६० च्या दंडविधानातील ३७७ व्या कलमाचा पीळ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सोडविला. निकालात शास्त्राचा उल्लेख आहे. पण न्यायाधीशांनी भार टाकला तो संविधानातील समता, प्रतिष्ठा आणि खाजगी जीवन यांवर. त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, याच न्यायालयाने सांगितले होते की आपले लिंग कोणते हे ज्याने त्याने स्वतः सांगावे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे. आणि २०१९ च्या कायद्याने काय केले? ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याने द्यावे असे ठरविले, आणि शस्त्रक्रियेनंतर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर पुन्हा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मागितला. बर्लिनचा १९०९ चा कागद असा शंभर वर्षे फिरून आपल्या मेजावर आला. आमच्या वाचकांपैकी काहींनी त्यावर सही केलीही असेल. टेबलाच्या पलीकडची व्यक्ती त्या वेळी काय पाहत होती, हे त्यांनी आठवून पाहावे.

हिर्शफेल्ड यांच्या संस्थेत डोरा रिश्टर नावाची एक स्त्री मोलकरणीचे काम करी. १८९२ मध्ये बोहेमियातील एका खेड्यात तिचा जन्म मुलगा म्हणून नोंदला गेला होता. अशा व्यक्तींना इतरत्र काम मिळत नसे, म्हणून संस्थेने काहींना आपल्याकडे ठेवले होते. १९३१ मध्ये तिच्यावरील शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. ६ मे १९३३ च्या हल्ल्यात ती मारली गेली असावी, असे पुढे कित्येक दशके ग्रंथांतून लिहिले जात असे. ते खरे नव्हते. ती आपल्या मुलखात परत गेली होती, महायुद्धानंतर जर्मनीत आली आणि १९६६ पर्यंत जगली. हे अगदी अलीकडे कळले, आणि तेही संस्थेच्या कागदपत्रांतून नव्हे. ते कागद तर जळून गेले होते. तिच्या गावच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तिच्या नोंदीपाशी नावाची दुरुस्ती केलेली सापडली. कोणा लेखनिकाने जुने नाव बाजूला सारून तेथे 'डोरा' असे लिहिले होते.